ओडी

मी लायटन, या दवाखान्याचा सुतार.
सुतार म्हणजे नळ, कुलपं, स्ट्रेचरची चाकं,
आणि अधूनमधून शवपेट्या. लहान मापाच्याही.
ते माप मला कुणी सांगावं लागत नाही.

जूनमध्ये सिस्टर एस्नात बदलून आल्या,
सरोवरावरून बोचरा वारा सुटतो त्या दिवसांत.
पहिल्याच सकाळी विचारलं,
लायटन, बाळंतिणींच्या खोलीला दार का नाही?
होतं, म्हटलं. वाळवीनं खाल्लं.
कधी?
माझी फाइनेस तेव्हा पोटात होती.
आज ती स्वतः पोटुशी आहे.

सिस्टर काही बोलल्या नाहीत.
काही माणसांचं न बोलणं म्हणजे कामाची चिठ्ठी असते.

आमच्यात कुणाच्या दाराशी गेलं की ‘ओडी’ म्हणतात,
आतून हो येईस्तोवर उभं राहतात.
दारच नसेल तर कुठे उभं राहायचं?

माप घ्यायला त्यांनी मला आत नेलं.
सहा खाटा, तीन गाद्या,
गाद्यांवर काळं प्लास्टिक. ते बाईनं घरून आणायचं,
पातं, दोरा आणि मेणबत्तीबरोबर.
आमच्याकडे बाळ येणार हे शेजाऱ्यांना कळतं
ते पोटावरून नाही, कोंबडी विकली जाते त्यावरून.

एक बाई कळा देत होती.
बाहेरून जात होते पोत्यांचा हातगाडीवाला, दोन पोलीस,
तापाच्या रांगेतली पोरं. आणि आत मी.
तिनं कमरेचं चितेंजे तोंडावर ओढलं.
अंग झाकायला ते पुरत नव्हतं,
म्हणून तिनं फक्त ओळख झाकली.

मी चौकट मोजली. टेप थरथरत होता.
वय झालं, म्हटलं सिस्टरना.

राजधानीची माणसं मागे एक तक्ता लावून गेली होती:
सन्मानाने प्रसूती, सात पायऱ्या.
गुळगुळीत कागद. खिळे माझे.
दाराचा अर्ज तीन प्रतींत गेला,
एकही प्रत परत आली नाही.
मग मी कोठीतल्या फळ्या काढल्या.
कशाच्या, सिस्टरनी विचारलं.
पेट्यांच्या. शिल्लक आहेत.
त्या म्हणाल्या, अशाच शिल्लक राहू देत.

कडीवरून मात्र आमचं वाजलं.
मी म्हणायचो, कडी आतून हवी.
त्या म्हणाल्या, आणि आत बाई कोसळली तर?
रक्त थांबत नसताना मी कुऱ्हाड शोधू?
कडी राहिली. दार नुसतं लोटायचं,
आणि प्रत्येक खाटेभोवती पडदा.
पडदे शिवले अंगणात मुक्काम टाकलेल्या सोबतिणींनी,
सासवांनी, मावश्यांनी, आपापल्या कापडातून.
एकावर मासे, एकावर छत्र्या,
एकावर कुठल्याशा निवडणुकीतला हसरा उमेदवार.
त्याचं तोंड आम्ही बाहेर केलं.
जुन्या पाइपावर कड्या खरखरायच्या,
मी उरलेल्या मेणबत्त्यांची थोटकं घासली.

फाइनेस ऑक्टोबरात आली. रात्री, वीज नसताना.
मी बाहेर बाकावर.
तिच्या आईच्या वेळी मी सगळं ऐकलं होतं,
तिचं रडणं, आणि तिला कुणीतरी घातलेली शिवी.
तेव्हा मी उठलो नाही.
आज उठलो, तर काहीच ऐकू येईना.
फळी एवढी जाड कशाला घेतली?
फटीतून मोबाइलचा उजेड हलला, थांबला,
पुन्हा हलला.

मग सिस्टरनी कोपरानं दार ढकललं.
बिजागरी कुरकुरली, उद्या तेल घालायला हवं.
हात ओले होते, कशानं ते अंधारात दिसेना.
ये, म्हणाल्या, आणि आत वळल्या,
आणि दार आपल्या वजनानं परत मिटलं.

मीच तासलेल्या दारासमोर मी
टोपी काढली.
ओडी, म्हटलं.
आणि उभा राहिलो.