एकोणीस इंच

अक्कलकोट रोडला, इलाहीच्या शेडमध्ये
मर्सिडीज जॅकवर. चारी पाय काढलेली.
येमूल शेठचे माग भंगारात गेले तेव्हा
अकरा पगारांच्या बदल्यात मिळालेली.

पंधराची चाकं गेली, एकोणीसची आली,
पोरानं पुण्याहून धाडलेली, काळी, चकचकीत.
"घासतंय बघा, मामा."
घासलंच. स्टिअरिंग पुरतं तोडलं की
मडगार्डच्या ओठात खर्रर्र,
मागात धोटा अडकावा तसं.

त्यानं पत्र्याला ऊब दिली, कड आत वळवली
रंगाला चीर न जाऊ देता.
"मीटर आता खोटं बोलणार.
साठ दाखवंल तेव्हा पासष्ट असंल."

असू दे.
बावीस वर्षं मागून आवाज यायचा:
हळू, नरसय्या.
आरशात मागची सीट,
टेकण्याचा खळगा अजून तसाच.

हैदराबाद रोडला
काटा साठावर ठेवला.