कोपर

खुलताबादेत दोन रात्रींपुरती घेतलेली खोली.
बेसिनखालचा कोपर गळत होता, टप् टप्.
मालक फोनवर म्हणाला,
"बादली लावा, सकाळी मुख्तारला धाडतो."
बादली लावली.
दोनदा उठून मोरीत ओतली.

मुख्तार आला नऊला,
खिशात सफेदा, कानामागं विडी.
"वायसर गेलंय. पाच मिनिटं."
तासभर लागला.

मग झाडायला आल्या कौतिकाबाई,
कमरेवर रिकामी कळशी.
वाकून कोपर चाचपला,
कोरडं बोट अंगठ्यावर घासलं.
"केला का बंद?
आमच्या गल्लीत नळ येतो नवव्या दिवशी.
आज सहावा."

मी पाकीट उघडून उभा.
मुख्तार पान्हा पुसत राहिला,
मघाशीच
पुसून झालेला पान्हा.