विरजण

सातवा पार्टही फुटला.
हातोडी नव्हती, कुणी राग काढला नव्हता,
कमरेच्या उंचीवरून गांगुर्डेबाईंनी नुसता सोडला
आणि टिक्‌,
बिस्किटासारखा.

अंबडच्या शेडमध्ये पहाटेचे पावणेचार.
पाथर्डी फाट्याकडचं धुकं
शटरखालून आत सरकतं
आणि थेट उघड्या पोत्यांपाशी जाऊन बसतं,
ओळखीच्या घरी आल्यासारखं.

हा दाणा बाटल्यांचा.
रामकुंडावरून, स्टँडच्या कट्ट्यावरून, लग्नाच्या हॉलमागून
वेचलेला, धुतलेला, चिरलेला,
वितळून पुन्हा दाणा झालेला.
ज्यानं जन्मभर पाणी पोटात सांभाळलं
त्याला आता पाण्याचा कण सोसत नाही.
दोनशे सत्तर अंशांवर तोच कण कात्री होतो,
आतल्या लांब साखळ्या कापत सुटतो,
आणि मशीनवर आपल्याला दिसतं एवढंच
की माल पातळ येतोय, साचा छान भरतोय.
छान भरतोय!
तीन दिवस आम्ही खूश होतो.

बाई ड्रायरचं झाकण लावतात.
पाच तास. मध्ये उघडायचं नाही,
मालकाचा फोन आला तरी.

पण वाळवून अर्धंच दुखणं गेलं.
थंड साच्यातून घाईनं काढलेला पार्ट
चकचकीत असतो, ट्रेमध्ये सरळ असतो,
बिलावर सही होईपर्यंत सरळ असतो.
मग कुठल्यातरी पॅनेलमध्ये, गरम तारेशेजारी,
त्याला उशिरा आठवतं
की आत रांग लावायची राहूनच गेली.
दाटीवाटीनं जो तो जागा शोधू लागतो
आणि कडा वर उचलली जाते.

म्हणून साचा तेलावर तापवला, एकशे तीस.
अश्फाक तांबोळी मोजा झटकत म्हणाला,
बाई, हा साचा आहे की तवा?
बाई उत्तर देत नाहीत. त्या भुकटी मोजतात,
शंभर किलोला अर्धा किलो, चिमूटच म्हणायची.
पिशवीवर हातभर लांब नाव.
त्यांनी वहीत लिहिलं: विरजण.

दूध आपसूक लागत नाही ना?
आधी कुणीतरी दही झालेलं लागतं.
थोडंसंच. पण सगळीकडे पोचलेलं.

साडेनऊला नवा माल.
अडतीस सेकंदांची सायकल बावन्नवर नेली,
सुपरवायझरनं घड्याळाकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे नाही.
बाईंनी पार्ट कमरेवरून सोडला. ठक्‌.
डोक्यावरून सोडला. ठक्‌.
अश्फाकनं स्टुलावर चढून सोडला,
तो उसळून कंप्रेसरखाली गेला
आणि आम्ही तिघं वाकून झाडूनं शोधत बसलो.

अकराव्याला गेटपाशी केसाएवढी चीर.
काचेचा धागा तिथं आडवा पडतोय बहुतेक.
वहीत नोंद: उद्या बघू.

सुटताना वॉचमन बाटली तोंडाला लावून
शेवटचा घोट पीत होता.
फेकू नका हो ती, बाई म्हणाल्या.
आणि झाकण काढून ठेवा जरा,
वाळू दे.