पन्नास हर्ट्झ

बंदराच्या मागच्या गल्लीत, ओर्ता शहरात,
दोरखंडांच्या दुकानाच्या डोक्यावर माझी खोली.
इथे घाई चालत नाही.
बावीस मिनिटांची बाजू संगणकात उतरायला
बावीसच मिनिटं घेते.
तोवर मी कॉफी पितो, पण कप बशीत ठेवत नाही;
सुईला ऐकू जातं.

देओलिंदा आली ती पिठाच्या चाळणीत रेकॉर्ड घेऊन.
"पिशवीत वाकली असती," म्हणाली.
छोटी तबकडी, पंचेचाळीसची,
अमेरिकेत, फॉल रिव्हरमध्ये, कुणाच्या तरी तळघरात कापलेली.
लेबलवर निळ्या शाईत: इदालिना, १९६६.
तिची आई.
"फार सावकाश गाते," तिनं आधीच बजावलं.
"दरवर्षी, ती गेली त्या तारखेला बाबा लावायचे.
शेजारणी रुमाल घेऊनच यायच्या."

ज्वालामुखीनं शेतांवर राख ओतली
त्या वर्षी हे लोक बेटावरून गेले होते.
कापडगिरणीत तेरा वर्षं.
मग बाप एकटाच परतला,
एका हाताला तीन वर्षांची ही,
दुसऱ्या हाताला खोक्यात रेकॉर्ड-प्लेयर.

मी तबकडी धुतली, वाळवली,
उजेडात तिरकी धरून ओरखडे मोजले, सात.
सुई टेकवली.

आणि खोलीत एक पोरगी शिरली.
बारा तारांच्या गिटारच्या पुढे पुढे पळणारी,
शब्द अर्धे गिळणारी,
मागे कुणाची तरी टाच फळीवर ताल धरतेय,
शेवटचा सूर संपायच्या आत ती फिस्सकन हसते
आणि तिथेच रेकॉर्ड संपते.

"चुकीची लावलीस," देओलिंदा म्हणाली.

मी लेबल दाखवलं.
पुन्हा लावली.
ते नाचाचं गाणं होतं. आमच्या बेटावरचं,
लग्नात जोड्या गोल फिरतात तसलं.
चाळीस वर्षं अख्खी आळी
नाचाच्या गाण्यावर रडत होती.

मग मी तिला विजेचं सांगितलं.
तिकडची वीज सेकंदाला साठदा धडधडते, इथली पन्नासदा.
ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट जुळतात,
धडधड जुळत नाही.
त्या मोटरला पन्नासच ठोके मिळाले,
ती तेवढ्याच बेतानं फिरली.
आवाज खाली बसला, जड झाला.
तुझी आई दुःखी नव्हती गं,
तिला आमची वीज लागली.

ती हसेल असं मला वाटलं होतं.
ती खिडकीपाशी गेली. समोर पीकूचा डोंगर,
कमरेला ढग.
बराच वेळानं म्हणाली,
"पण बाबांनी तर तिकडे ऐकली होती.
रोज. पाच वर्षं. ह्याच वेगानं."

ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं.
हात रिकामे राहिले की मी हिशेब करतो.
खरी लांबी दोन मिनिटं पन्नास.
त्यांच्या प्लेयरवर तीन चोवीस.
चौतीस सेकंद जास्त.
सांगायला नको होतं, सांगून बसलो.

"दरवर्षी चौतीस," ती पुटपुटली,
आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली
आणि थांबली.

मी म्हटलं, हवी तर संथ करून देतो,
एक बटण दाबायचं काम.
"तुझ्या बटणानं नको."

मंगळवारी तिनं आणि तिच्या भाच्यानं
ते धूड जिन्यावरून वर चढवलं.
झाकणाची बिजागरी तुटकी, आत उंदरांची लेंडी.
पट्टा मी नवा घातला, मोटरला हात लावला नाही.
ती घरघरत होती, घरघर तशीच उतरवली.
पूर्ण तीन चोवीस आम्ही दोघं उभेच.
शेवटचं हसू ह्या वेगात
हुंदक्यासारखं येतं.
कुणीही फसलं असतं.
एक माणूस सोडून.

पहिल्या फाइलला मी नाव दिलं: इदालिना.
दुसरीलाही तेच टाईप करायला घेतलं
तर तिनं माझं मनगट धरलं.
"ही त्यांची आहे," म्हणाली.
"लिही, अव्हेलिनू."