पाठ

स्वेटरचे दोनच फोटो आहेत.
एकात पोटावरची नक्षी, दुसऱ्यात पाठ.
दोन्हींत माझा पाठचा भाऊ, एयुन,
क्लाक्सविकच्या धक्क्यावर
आईच्या फोनसमोर अवघडून उभा,
हातांचं काय करायचं ते न कळून.
पहिला फोटो झाल्यावर आई म्हणाली, वळ.
तो वळला.
ट्रॉलरचा भोंगा झाला होता,
बॅग पायाशीच होती.
मग तो परत वळलाच नाही, म्हणजे
वळला असेल, पण तोवर
आईनं फोन खिशात घातला होता.
स्वेटर त्याच्या अंगातच गेला.

आता दुकानाचं पान मी बनवते आहे.
फोटोखाली एक बटण : वळवा.
दाबलं की पाठ, पुन्हा दाबलं की पोट.
इतकं सोपं
की कुणाला अडलंय म्हणून सांगायची लाज वाटावी.

क्लिक. एयुन वळतो.
क्लिक. पाठ.
क्लिक, क्लिक,
पाठच.

स्पेलिंग तपासलं, कंस मोजले.
अट तर साधी लिहिली होती :
तू पाठ असशील तर पोट हो,
नाहीतर पाठ हो.
रात्रीचे साडेअकरा, जूनचा उजेड अजून
वरच्या उतारावर मेंढ्यांमध्ये रेंगाळलेला,
आणि हा असा, माझ्याकडे पाठ करून,
लहानपणी रुसल्यावर बसायचा तसा.

आई मागे येऊन उभी राहिली, विणता विणता.
"रान्वा, सांग ना त्याला वळायला."
"सांगतेय."
"नीट सांग. तुझं सांगणं म्हणजे कायम हुकूम."

शेवटी मी त्यालाच विचारलं, तू कोण?
उत्तर आलं लांबलचक :
आधी दोन तिरक्या रेघा, मग दुकानाचं नाव,
मग फोल्डर, फोल्डरातलं फोल्डर,
आणि अगदी शेवटी,
दारात बूट काढून आत यावं तसं,
पाठ डॉट जेपीजी.

मी बसले होते नुसतं शेवटचं नाव ऐकायला.
तो दर वेळी सगळा पत्ता सांगत होता,
अगदी खरा,
आणि दर वेळी मी म्हणत होते,
छे, हा तो नव्हे.

मग विचारणं सोडलं.
माझ्याजवळच ठेवलं एक हो किंवा नाही.
वळलाय? नाही.
क्लिकसरशी ते उलटं करायचं : हो.
पुढच्या क्लिकला पुन्हा नाही.
कुठे तोंड करून उभा आहे तो
हे त्याला नाही विचारायचं,
आपणच पाठ करायचं.

क्लिक. पाठ.
क्लिक. एयुन!
तीच वर उचललेली हनुवटी,
दाढी करताना कापलेलं तेच.

आईनं चष्मा लावला,
माउस माझ्या हातून काढून घेतला.
तिला घाई नव्हती.
पोट, पाठ. पोट. पाठ.
मग पाठीवर थांबली. इतकी पुढे वाकली
की काचेवर तिच्या श्वासाची वाफ आली.
"डाव्या खांद्याखाली टाका सुटलाय," म्हणाली.
"घालून बघताना तो सारखा
माझ्याकडेच तोंड करून होता."

सुईच्या टोकानं जागा दाखवली.
मला तिथे नुसते ठिपके दिसले.

खाली किंमत होती, चौदाशे क्रोन.
"ती काढ. हा विकायचा नाही.
आला की तेवढं उसवून घेईन."
आत गेली, दिवा मालवला.
मी पान बंद करणार इतक्यात
अंधारातून :
"बटण मात्र राहू दे."