रकाना अकरा

किटुईच्या पुढं डांबर संपतं
आणि मुटिंडा गाडीच्या काचा वर करतो.
धूळ तरी येतेच,
फाइलवर बसते, माझ्या ओठांवर बसते.
फाइलचं नाव: दुष्काळपूर्व तयारी निधी,
बंधारा क्रमांक सात.
दोन हप्ते दिलेले, तिसरा अडवलेला.
अडवणारी मी.

मी सरोवराकाठची. किसुमूत
पाणी खिडकीतून दिसायचं,
शाळेच्या वाटेवर दिसायचं,
मासळीच्या वासातून अंधारातही दिसायचं.
पाणी म्हणजे दिसणारी गोष्ट,
एवढ्या भरवशावर बावीस वर्षं
मी धरणं तपासली.

नदी आली. म्हणजे मुटिंडा म्हणाला, आली.
मला दिसला वाळूचा रुंद रस्ता,
त्याला आडवी एक दगडी भिंत,
आणि भिंतीमागं काठोकाठ
वाळूच.
तिच्यावर एक गाढव
चारी पायांखाली सावली गोळा करून उभं.

काठावर फलक. निळ्या रंगात रक्कम,
खात्याचं नाव, कंत्राटदाराचं नाव, पुन्हा खात्याचं नाव.
दगड वाहिलेल्या एकेचाळीस बायांना
जागा पुरली नसावी.

रकाना नऊ: भिंतीची उंची. भरला.
रकाना दहा: तडे. नाहीत.
रकाना अकरा: पाण्याची पातळी, मीटरमध्ये.
शून्य.
शेरा: गाळानं भरला. निकामी.

तेवढ्यात ती आली, पिवळे कॅन खांद्याला अडकवून,
आणि विचारायच्या आधीच म्हणाली,
"भरला. तीन पावसांत भरला!"
मला वाटलं, तक्रार करतेय.
मी म्हटलं, "हो, तेच लिहिलंय."
ती खूश झाली.
बराच वेळ आम्ही दोघी
एकाच शब्दावर उभ्या होतो, दोन टोकांना.

मग ती गुडघ्यांवर बसली.
अर्ध्या कापलेल्या कॅननं उकरू लागली.
वरची वाळू पांढरी, चटके देणारी,
वीतभर खाली गुळासारखी,
त्याखाली काळपट, मुठीत आकार धरणारी.
कोपरापर्यंत हात गेला तेव्हा थांबली.
"आता बघायचं नाही, बसायचं."
बसलो.
खड्ड्याच्या तळाशी एक नाणं चमकलं.
नाण्याची वाटी झाली.
वाटीत तिचा चेहरा, मग माझा,
मग गाढवाचं नाक.

"उघड्यावर ठेवलं तर सूर्य पितो," ती म्हणाली,
"म्हणून वाळूत ठेवतो आम्ही.
तुम्ही पैसे काय ओसरीवर मांडून ठेवता?"

नाव विचारलं. मुंबुआ.
मुटिंडा म्हणाला, पावसात जन्मली की ठेवतात.
मी म्हटलं, आमच्यात अकोथ.
"म्हणजे?"
"तेच."
तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
पावसात जन्मलेली बाई
आणि नदी ओळखू नये,
असं काही ती बोलली नाही.

नैरोबीहून साहेबांचा फोन.
वर्षअखेर नऊ दिवसांवर, आवाज घाईतला:
"एका वाक्यात सांगा. पैसे पाण्यात गेले ना?"
मी खड्ड्याकडं पाहिलं.
"हो साहेब," म्हटलं, "सगळे.
तिसरा हप्ताही तिथंच जाऊ दे."
पलीकडं बराच वेळ फक्त पंखा ऐकू येत होता.

शून्य खोडलं.
रकाना अकरात लिहिलं: कोपराच्या थोडं खाली.
टॅब्लेटनं लाल अक्षरांत कळवलं,
इथं फक्त अंक चालतील.
वाळूसाठी रकाना नव्हता,
बसून राहण्यासाठी तर नव्हताच.

निघताना मुटिंडानं बॉनेट उघडलं.
इंजिन सकाळपासून धापा टाकत होतं.
मुंबुआनं विचारलं नाही, कॅन पुढं केला.
त्यानं रेडिएटर भरला, गळ्यापर्यंत,
आणि निकामी बंधाऱ्याच्या पाण्यावर
आम्ही दिवेलागणीला
डांबराला लागलो.