उत्तर, पूर्व, उंची, शेरा

फाइलचं नाव: सूस_फायनल_२_खरंच_फायनल.
सहाशे बारा बिंदू, इलाही मुलाणी यांनी पाठवलेले,
रात्री पावणेबाराला, खाली अंगठ्याचं चित्र.

वारज्यात, टाइल्सच्या दुकानावरच्या आमच्या ऑफिसात
मी ती उघडली तेव्हा गुरुवार होता,
वीज गेलेली, इन्व्हर्टर कण्हत होता,
आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

काहीच नाही असं नसतं, एवढं चार वर्षांत कळलंय.
मागे सरकत गेले, आणखी मागे,
पुणं टिकलीएवढं झालं, देश तळहाताएवढा,
तेव्हा दिसला आमचा रस्ता:
श्रीलंकेच्याही पलीकडे, भर समुद्रात,
दोन्ही बाजूंच्या गटारांसकट.

बहिरट साहेब खुर्ची न सोडता म्हणाले,
"त्यानं आधी पूर्व टाकलंय. तू आधी उत्तर मागतेयस."
खरंच की.
वीस लाख बावन्न हजार जिथं हवे
तिथं तीन लाख अडुसष्ट हजार मांडी घालून बसलेले.
उत्तर बरोबरच होतं,
फक्त दुसऱ्याच्या रकान्यात होतं.

रकाने फिरवले. सूस सूसमध्ये आलं.
पाचशे अठ्ठ्याण्णव बिंदू.
चौदा नाहीत.

बाकीचे सर्व्हेअर शेऱ्यात लिहितात झाड. खांब. विहीर.
इलाहीभाई बोलतात, आणि मराठीत बोलतात.
पण माझ्यापर्यंत येईतो अक्षरं मेली होती,
एकेकाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह,
मधले स्वल्पविराम तेवढे जिवंत.
यंत्र स्वल्पविराम मोजतं.
सहावा रकाना? सातवा?
ओळच फेकून देतं.

फोन लावला.
"दोनशे तीस?"
"जांभूळ, आडवं झालेलं, पण हिरवं."
"तीनशे चार?"
"बोअर, बंद, वर कुणीतरी तुळस ठेवलीय."
वही नाही, कागद नाही, मागे ट्रॅक्टरचा आवाज.
मी टाइप करत गेले, स्वल्पविराम वेचून टाकत गेले.
आडवं जांभूळ हिरवं. बंद बोअर वर तुळस.
वाचायला विचित्र, पण आत गेलं.

सहाशे बारा. मग त्यांच्यावर जमीन ताणली
आणि डाव्या कडेला, खाणीकडच्या वळणावर,
पाचशे त्र्याण्णव मीटर खोल खड्डा पडला.
सगळे त्रिकोण तिकडे खेचलेले,
वाळत घातलेलं पातळ कुणी चिमटीत धरून
खाली ओढावं तसे.

बिंदू चारशे सतरा. उंची शून्य.
पुन्हा फोन. "इलाहीभाई, तुमचा एक दगड समुद्रसपाटीला गेलाय."
ते हसले नाहीत.

"तिथं काठी टेकवली नाही, ताई.
तीन दगड आहेत बारके, शेजारी शेजारी.
खाणीवरची एक बाई बसली होती.
म्हणाली, इथं टोचू नका, झोपलंय.
मग बाजूला उभं राहून जागा घेतली, उंची नाही घेतली.
रिकामं ठेवलं तर यंत्र पुढं जाईना.
शून्य दिलं."

वीज आली. पंखा फिरला. टेबलावरची बिलं उडाली.

साहेबांना विचारलं,
रस्ता दीड मीटर उजवीकडे घेता येईल का.
"उजवीकडे बंगल्याचं कुंपण," ते म्हणाले.
मग बिलं गोळा करता करता,
"शेरा लिही. शेरा असला की कुणीतरी विचारतं."

आजूबाजूच्या बिंदूंवरून उंची काढता आली असती,
पाचशे त्र्याण्णव पॉइंट चार वगैरे,
दोन सेकंदांचं काम.
नाही काढली.
चारशे सतराला पृष्ठभागातून वगळलं,
जागेवर राहू दिलं,
आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं,
एकही स्वल्पविराम न देता,
एका दमात:
तीन बारके दगड शेजारी शेजारी झोपलंय टोचू नये